जीवराम नानांच्या घरी इटली

जळगावात राहून इटलीच्या फुटबॉलवर जीव जडवू नये असा काही कायदा नाही. असता तर जीवराम नानांनी तो पाळला असता, कारण नाना टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्या खात्यातल्या माणसाला कायदा मोडण्यापेक्षा स्वतःचं हाड मोडलेलं चालतं. पण कायदा नव्हता. त्यामुळे बेचाळीस वर्षं नाना निवांत रजिस्टर लिहीत बसले. इटलीचा संघ कुठे खेळला, कुणाशी खेळला, कुणी कितव्या मिनिटाला गोल मारला, कोण लंगडत बाहेर गेला, सगळं निळ्या शाईत, देवनागरी आकड्यांत, पट्टीनं रेघा मारून. अशी अकरा रजिस्टरं भरली होती.

इटलीच का, असं तुम्ही विचारणार. विचारा. ब्याऐंशी साली ऑफिसात एक पार्सल फुटून आलं. आत यंत्राचा कसलासा भाग होता आणि त्याला गुलाबी रंगाचं परदेशी वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं. त्यात सामन्यांचा एक तक्ता होता. नानांना तक्ते आवडायचे. झालं, एवढंच. जीव जडायला याहून मोठं कारण लागतं असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आपापली लग्नं आठवून पाहावीत.

नानांना झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगत. पहिला सामना १५ मे १९१०, मिलान शहर, फ्रान्सला सहा-दोननं हरवलं, आणि तेव्हा अंगात सदरे पांढरे होते, निळे पुढच्या वर्षी आले. सगळ्यांत जास्त गोल रिव्हाचे, बेचाळीस सामन्यांत पस्तीस. सगळ्यांत जास्त सामने बुफॉनचे, एकशे शहात्तर. वर्ल्ड कप चार. न हरता ओळीनं सदतीस सामने. आणि एवढं वैभव असून २०१८ आणि २०२२ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड कपना हा संघ पोचलासुद्धा नाही. दोन्ही वेळा नाना दोन-दोन दिवस ताकभातावर राहिले. कुंदाबाईंना, म्हणजे नानांच्या बायकोला, वाटलं पित्त उसळलं. त्यांनी आवळ्याचं सरबत दिलं आणि नाना ते मुकाट्यानं प्यायले, कारण खरं कारण सांगितलं असतं तर सरबतही मिळालं नसतं.

दुःख एकच होतं. झोपेतून उठवून विचारणारं कुणी नव्हतं. अकरा रजिस्टरांतलं एक पान आजवर दुसऱ्या माणसानं वाचलेलं नव्हतं. चौथं रजिस्टर एकदा कुंदाबाईंनी हातात घेतलं होतं, पण ते लोणच्याच्या बरणीवर वजन ठेवायला. नानांची हौस फार मोठी नव्हती हो. एक माणूस यावा, त्याच्यासमोर रजिस्टर उघडावं, आणि त्यानं मान हलवून म्हणावं, बरोबर आहे, असंच झालं होतं. मग डोळे मिटायला नाना तयार होते.

तोवर ते उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघत. दुपारचं जेवण झालं की व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर आडवं व्हायचं, पोटावर रजिस्टर, पायाच्या अंगठ्यानं जमिनीला हलका रेटा. डिसेंबरातलं ऊन अंगावर शालीसारखं पडायचं. लांब एमआयडीसीतल्या डाळ मिलची घरघर यायची आणि झोपाळ्याच्या तिसऱ्या-चौथ्या झोक्याला ती घरघर राहायची नाही, ऐंशी हजार माणसांचा गलका व्हायचा. निळे सदरे हिरवळीवर हळूहळू पसरायचे. धुकं असायचं, फैजपूरच्या केळीच्या बागांत पहाटे उतरतं तसं, आणि त्या धुक्यातून कुणीतरी चेंडू घेऊन नानांकडे येत असायचं. तेवढ्यात भाजीवाला ओरडायचा आणि सामना अनिर्णित राहायचा.

अशा माणसाच्या आयुष्यात खराखुरा इटालियन माणूस यावा, तोही डाळ मिलमधून, हे विधिलिखितच म्हणायचं.

निवृत्तीनंतर नाना रोज सकाळी दोन तास प्रकाशचंद शेठच्या मिलमध्ये टपाल बघायला जात. शेठनी डाळीच्या पिशव्या भरायचं नवं यंत्र इटलीहून मागवलं होतं. यंत्र आलं, ते बसवायला बोलोन्याजवळच्या गावाहून मात्तेओ नावाचा इंजिनियर आला, पण यंत्राची एक पेटी मुंबईच्या बंदरात अडकून बसली. माणूस आठ दिवस रिकामा. शेठच्या बंगल्यात त्याला उतरवलेलं, आणि शेठचं घर कडक जैन. कांदा नाही, लसूण नाही, सूर्य मावळला की ताट नाही.

"आदमी फार भला आहे, नाना," शेठ म्हणाले, "पण आमच्या स्वयंपाकाच्या सज्जनबाईंच्या हातचं मुगाचं वरण खाऊन खाऊन त्याचं तोंडच उतरून गेलं. संध्याकाळी सात वाजता खिडकीत बसून रस्त्यावरच्या शेवभाजीच्या गाडीकडे बघत राहतो. तुम्ही इटलीचे जाणकार. रविवारी घेऊन जा त्याला जेवायला."

नानांच्या हातातली पाकिटं खाली पडली. सगळी नोकरी टपालात काढून नानांच्या हातून पाकीट पडलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. घरी येताना त्यांना रस्ता दिसत नव्हता. रविवारी दुपारी एक इटालियन माणूस आपल्या झोपाळ्यावर बसलाय आणि आपण पहिलं रजिस्टर उघडतोय, एवढंच दिसत होतं. रिक्षावाल्यानं दोन शिव्या दिल्या, त्यासुद्धा नानांना दुरून येणाऱ्या जयघोषासारख्या वाटल्या.

बेत साधा होता. चार माणसं, भरीत-पुरी आणि रजिस्टर. तो साधाच राहिलाही असता, पण नाना घरात शिरण्याआधी फाटकापाशी थांबले आणि शेजारच्या मोतीलालना सांगून बसले. आनंद झाला की माणसाची अक्कल पहिल्यांदा सुट्टीवर जाते.

मोतीलाल मूळचे साक्रीचे, निवृत्त तलाठी. सरकारी कागदाचा वास त्यांना चार गल्ल्या पलीकडून येतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "परदेशी मानूस घर मा उना म्हंजे फॉर्म भरना पडस, नाना. पोलिसात."

"अहो, तो जेवायला येतोय. राहायला नाही."

"जेवता जेवता झोप लागली तर?" मोतीलाल म्हणाले. भरिताचं जेवण असल्यामुळे या शंकेत तथ्य होतं. "बठ्ठं मन्हावर सोडा. मी शे ना."

'सगळं माझ्यावर सोडा, मी आहे ना' हे मोतीलालांच्या तोंडून ज्यानं ज्यानं ऐकलं त्याचं पुढे काय झालं याची यादी करायची तर बारावं रजिस्टर लागेल.

पोलीस ठाण्यात एक हवालदार मॅडम होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रात्री मुक्काम नाही ना? मग फॉर्म लागत नाही. जा."

नाना उठले. मोतीलाल उठले नाहीत. "फॉर्म लागत नाही असं लिहून द्या," ते म्हणाले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "लिहून पाहिजे तर अर्ज करा."

अर्ज केला. अर्जाला पाहुण्याच्या पासपोर्टची झेरॉक्स लागली. ती शेठकडून आणली. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेलेले. तिसऱ्या दिवशी साहेब होते, पण अर्जात पाहुण्याशी नातं लिहिलेलं नव्हतं. नानांनी बराच विचार करून 'जिव्हाळ्याचं' असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, असं नातं चालत नाही, 'इतर' लिहा. बेचाळीस वर्षांचं प्रेम एका शब्दात 'इतर' झालं आणि नानांना ते फार लागलं. बाहेर बाकावर बसून ते कितीतरी वेळ समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहिले. शेवटी शिक्का मारायची वेळ आली तर शाई वाळलेली. मॅडमनी शिक्क्यावर थुंकी लावली नाही हे त्यांचे उपकार, पण दोन थेंब पाणी घातलं आणि असा दाबून मारला की गोल शिक्का थेट झेरॉक्समधल्या मात्तेओच्या गालावर उमटला. फॉर्म लागत नाही हे शासनाच्या शिक्क्यानिशी सिद्ध झालं, आणि मोतीलालनी आपल्याजवळ एक प्रत ठेवून घेतली.

ती प्रत त्यांनी कुठे नेली हे नानांना शनिवारी कळलं. सकाळी दूध आणायला ते चौकात गेले तर समोर आठ बाय दहाचा फ्लेक्स. वर लिहिलेलं, 'इटलीचे माजी राष्ट्रीय फुटबॉलपटू मा. मात्तेओसाहेब यांचे कॉलनीत सहर्ष स्वागत'. मधोमध पासपोर्टवरचा फोटो, भिंतीएवढा केलेला, टक्कल, घाबरलेले डोळे, आणि गालावर पोलीस ठाण्याचा गोल शिक्का. खाली शुभेच्छुक म्हणून मोतीलाल. आणि एका कोपऱ्यात 'उद्या सकाळी दहा वाजता साहेबांच्या शुभहस्ते फुटबॉल सामन्याचे उद्घाटन'.

दुसरा कुणी असता तर लाजला असता. नानांना लाज नाही, भीती वाटली. इटलीकडून आजवर खेळलेले आठशेच्या वर खेळाडू त्यांनी नावानिशी उतरवून घेतले होते. त्यांत हे नाव नव्हतं. म्हणजे भर चौकात, आठ बाय दहाच्या आकारात, इटलीच्या इतिहासात खोटी नोंद झाली होती, आणि तीही नानांच्या पाहुण्याच्या नावावर. दूध न घेताच ते फ्लेक्सवाल्या शकीलभाईंकडे गेले.

शकीलभाई सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "नाना, बुरा मानू नका. पण पद नसलेला माणूस फ्लेक्सवर बसत नाही. वीस वर्षांत मी बिनपदाचा माणूस छापलेला नाही. मोतीलालभाऊंना विचारलं, पाहुणे कोण, तर म्हणाले, फुटबॉलचं काहीतरी. मग मी काय लिहू, जेवायला येतात म्हणून लिहू?"

"पण तो माजी खेळाडू नाही हो. तो यंत्र बसवतो."

शकीलभाईंनी विचार केला. नवा फ्लेक्स छापायला वेळ नव्हता, पण 'माजी राष्ट्रीय' एवढ्यावर पट्टी चिकटवता येईल. पट्ट्या तयार होत्या, निवडणुकीच्या कामातून उरलेल्या. त्यांनी शोधून एक बरोब्बर मापाची काढली आणि संध्याकाळपर्यंत स्वतः शिडीवर चढून लावली. नानांनी लांबून वाचलं. 'इटलीचे भावी फुटबॉलपटू मा. मात्तेओसाहेब'. माणूस बावन्न वर्षांचा होता. तरी निदान भूतकाळातली नोंद खोटी राहिली नाही, भविष्याचं काय ते इटली बघून घेईल, असं म्हणून नाना घरी आले आणि ताक पिऊन झोपाळ्यावर पडले.

कुंदाबाई मागच्या अंगणात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, रचत होत्या. उद्या त्यावर वांगी भाजायची होती. "तुम्ही काय करून राह्यले हे?" त्या म्हणाल्या. "चार माणसं म्हटलं होतं. मोतीलालभाऊंची बायको विचारून गेली, पन्नास पुऱ्या बस होतील का."

नानांनी डोळे मिटून घेतले. धुकं काही केल्या उतरेना.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर दीडशे माणसं जमली. मात्तेओला शेठच्या गाडीतून आणलं. उंच, वाकलेला, गरीब चेहऱ्याचा माणूस. स्वतःचा भिंतीएवढा फोटो आणि गालावरचा शिक्का बघून तो बराच वेळ गाडीतून उतरला नाही. आपल्याला अटक होतेय की सत्कार, हे त्याला ठरवता येईना. नानांनी टपालातल्या इंग्रजीत त्याला समजावलं, पोलिसांना तुमच्याबद्दल काही म्हणायचं नाही, तसं त्यांनी लिहून दिलंय. यानं तो जास्तच घाबरला.

शाल झाली, नारळ झाला. इटलीच्या फुटबॉलचा परिचय नाना करून देतील असं ठरलं होतं. नाना पहिलं रजिस्टर घेऊन माइकपाशी उभे राहिले. समोर दीडशे माणसं, आणि सगळी ऐकायला बसलेली. "पंधरा मे एकोणीसशे दहा," त्यांनी सुरुवात केली, "मिलान शहर. इटली सहा, फ्रान्स दोन. त्या दिवशी सदरे पांढरे होते, कारण—" एवढ्यात मोतीलालनी हळूच माइक काढून घेतला. वॉर्डातले एक भाऊ येऊन पोचले होते आणि त्यांना पुढे एक लग्न गाठायचं होतं. वेळेअभावी इटली १९१० सालातच थांबली. सदरे पांढरे का होते हे जळगावला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग उद्घाटन. पाहुण्यांनी पेनल्टी मारायची. कॉलनीतल्या तरुण मंडळाचा गोलरक्षक खांबांमध्ये वाकून उभा राहिला. मात्तेओ म्हणाला, नको. मोतीलालना ते विनय वाटलं. तो पुन्हा म्हणाला, नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी बिचारा धावत आला, पाय उचलला, आणि चेंडू जागच्या जागी राहून त्याचा उजवा बूट गोलरक्षकाच्या डोक्यावरून सुळकन जाळीत गेला. सगळ्यांनी भाऊंकडे बघितलं. मग भाऊ म्हणाले, गोल आहे. भाऊ म्हणाल्यावर गोल झाला. फक्त नाना मैदानाच्या कडेला रजिस्टर छातीशी धरून उभे होते. चेंडूला पाय लावायला न येणारा माणूस. पण असं असतं, ते स्वतःला समजावत राहिले, जाणकार वेगळा आणि खेळणारा वेगळा. मला तरी कुठे मारता येतो.

दोन वाजता गर्दी ओसरली, पन्नास पुऱ्या संपल्या, आणि घरात नाना, कुंदाबाई आणि मात्तेओ एवढेच उरले. कुंदाबाईंनी खरं भरीत मागे ठेवलं होतं. मात्तेओनं पहिला घास घेतला आणि थांबला. भाजलेल्या वांग्याचा वास त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात यायचा, तो म्हणाला. मिरचीनं डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी त्यानं चार वेळा वाढून घेतलं. आठ दिवसांचं मुगाचं वरण त्या ताटात बुडून गेलं. "जेवतं चांगलं लेकरू," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या लेखी इटली जिंकली होती.

मग तो क्षण आला. झोपाळ्यावर दोघं बसले, ऊन तिरपं झालं, नानांनी अकराच्या अकरा रजिस्टरं शेजारी रचली. सुरुवात सोप्या प्रश्नानं करावी म्हणून त्यांनी विचारलं, "अडुसष्ट साली रशियाशी सामना बरोबरीत सुटला आणि नाणं उडवून निकाल लावला. आपल्या कप्तानानं काय मागितलं होतं, छापा की काटा?"

मात्तेओनं नानांकडे बघितलं. मग रजिस्टरांकडे. मग अगदी हळू, वाईट बातमी द्यावी तसं, तो म्हणाला, "मला माफ करा. मी फुटबॉल बघत नाही. मला त्यातलं काहीच कळत नाही."

झोपाळा थांबला.

तो सांगत राहिला. लहानपणी दर रविवारी वडील कानाला रेडिओ लावून बसायचे, घरात कुणी बोलायचं नाही, कुठे जायचं नाही. त्या रविवारांचा त्याला इतका कंटाळा आला की तो आयुष्यभर फुटबॉलपासून लांब पळाला. मोठा झाल्यावर मासे धरायला लागला, कारण मासे धरताना शेजारी कुणी ओरडत नाही.

तरी पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून नानांनी पाचवं रजिस्टर त्याच्या मांडीवर उघडून ठेवलं. मात्तेओनं पानावरून बोट फिरवलं, अक्षराचं कौतुक केलं, आणि एका रकान्यावर बोट ठेवून विचारलं, ही कुठली चिन्हं आहेत?

ते आकडे होते. नानांचे रेखीव देवनागरी आकडे. बेचाळीस वर्षांत नानांच्या मनात हे एकदाही आलं नव्हतं. ज्या देशासाठी लिहिलं त्या देशातल्या एकाही माणसाला यातला एक गोलसुद्धा वाचता येणार नव्हता. आणि ज्यांना वाचता येत होतं त्या सगळ्यांनी सकाळी दहा वाजता बूट गोलात गेल्यावर टाळ्या वाजवल्या होत्या. नानांना एकदम फार म्हातारं झाल्यासारखं वाटलं. त्यांनी रजिस्टर मिटायला हात पुढे केला.

मात्तेओनं मिटू दिलं नाही. तो त्या पानाकडे बघत होता. "माझे वडील," तो म्हणाला, "आउगुस्तो. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून कुणाशी बोलत नाहीत. मी रोज फोन करतो. जेवलात का, तर हो. झोपलात का, तर हो. संपलं." त्यानं घड्याळ बघितलं. इथे चार वाजले होते, तिकडे साडेअकरा. त्यानं नंबर लावला, इटालियनमध्ये दोन-चार वाक्यं बोलला, आणि फोन नानांच्या हातात दिला. "ते म्हणतात, भारतातल्या माणसाशी मी काय बोलू?"

नानांनाही तोच प्रश्न होता. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. नानांना इटालियन येत नव्हतं. यायचे ते फक्त आकडे, मोबाइलवर ऐकून पाठ केलेले, शून्यापासून नव्वदपर्यंत. सामना नव्वद मिनिटांचा, त्यापुढचे आकडे लागतच नव्हते. त्यांनी मनात सगळ्यांत वर होतं ते नाव घेतलं.

"झॉफ."

मग खरखरीत, बरेच दिवस न वापरलेला आवाज आला. "जेन्तीले."

नानांनी लगेच ओळखलं. ब्याऐंशी सालचा वर्ल्ड कप, माद्रिद, जर्मनीविरुद्धचा अंतिम सामना. म्हातारा त्या अकरा जणांची नावं घेत होता. "काब्रिनी," नाना म्हणाले. "बेर्गोमी," तिकडून आलं. "कोल्लोवाती." "शिरेआ." या नावाला नाना बेचाळीस वर्षं 'स्कीरेआ' म्हणत होते, त्यांनी ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं. "ओरियाली." "तार्देल्ली." "कोन्ती." "ग्रात्सियानी." आणि शेवटचं नाव दोघांच्या तोंडून एकदमच बाहेर पडलं. "रोस्सी."

पलीकडे म्हातारा हसला. मात्तेओ झोपाळ्यावरून उठून उभा राहिला होता. "ते हसले?" त्यानं विचारलं. नानांनी हात करून त्याला गप्प बसवलं, रेडिओ ऐकणारे बाप करतात तसं.

मग गोल झाले. नाना इटालियनमध्ये मिनिट सांगत, आउगुस्तो मारणाऱ्याचं नाव. सत्तावन्न, रोस्सी. एकोणसत्तर, तार्देल्ली. एक्याऐंशी, आल्तोबेल्ली. उन्हं भिंतीवर चढली, कुंदाबाईंनी चहा आणून ठेवला आणि तो निवला. मिलची घरघर कुठेतरी लांब गेली. निळे सदरे हिरवळीवर पसरले आणि या वेळी भाजीवाला ओरडून गेला तरी कुणी विरघळलं नाही. चेंडू घेऊन येणारा माणूस धुक्यातून थेट नानांपर्यंत आला.

नाना रंगात आले. त्याच सामन्यात पहिल्या अर्ध्यात काब्रिनीनं एक पेनल्टी घालवली होती. त्यांनी पाचव्या रजिस्टरात बोट ठेवलं आणि म्हणाले, "काब्रिनी. पेनल्टी. वेन्तिक्वात्त्रो." म्हणजे चोविसावं मिनिट.

"नो," आउगुस्तो म्हणाला. "वेन्तिचिंक्वे." पंचवीस.

नानांना वाटलं फोन नीट लागत नाहीये. त्यांनी पुन्हा चोवीस सांगितले. तिकडून पुन्हा पंचवीस आले, जरा मोठ्यानं. नानांनी चोवीसवर जोर दिला. मग म्हाताऱ्यानं इटालियनमध्ये जे काही ऐकवलं त्याचं भाषांतर करायला मात्तेओ तयार होईना. तो फक्त फोनकडे बघत उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते, आणि या वेळी मिरची नव्हती. "वर्षभरात ते इतकं बोलले नाहीत," तो म्हणाला.

फोन संपला तरी नाना तो कानाला धरूनच बसले होते. कुंदाबाई घाबरल्या. "काय म्हणाला तो मानूस?"

"म्हणतो, माझं चुकलं," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की कुंदाबाईंना उत्तर कळलं पण चेहरा कळेना. "अगं, एका मिनिटाची चूक काढली त्यानं. बेचाळीस वर्षांत कुणी एक तरी चूक काढली होती का?"

बुधवारी बंदरातली पेटी आली, गुरुवारी यंत्र बसलं, शुक्रवारी कुंदाबाईंनी दिलेले लोणच्याचे दोन डबे घेऊन मात्तेओ गेला. जाताना त्यानं नानांना मिठी मारली. नानांना ती सवय नव्हती, ते खांबासारखे ताठ उभे राहिले आणि तो गेल्यावर बराच वेळ तसेच उभे होते.

शनिवारी दुपारी नाना झोपाळ्यावर पडले होते. चार वाजता फोन वाजला. कुठलासा लांबलचक नंबर होता. नानांनी उचलला. हॅलो नाही, नमस्कार नाही. पलीकडून खरखरीत आवाजात एवढंच आलं, "वेन्तिचिंक्वे."

नाना उठून बसले. पाठीमागे उशी घेतली, चष्मा लावला, पायाच्या अंगठ्यानं झोपाळ्याला एक सावकाश रेटा दिला.

"वेन्तिक्वात्त्रो," ते म्हणाले.

"कोण आहे हो?" आतून कुंदाबाईंनी विचारलं.

नानांनी फोनवर हात ठेवला. "आपलेच आहेत. भांडायला फोन केलाय."

"मग भांडा सावकाश," कुंदाबाई म्हणाल्या. "चहा ठेवते."